भाचीनं गाणी पाठवणं बंद केलं

हेडफोन लावलेत ना? लावा, कारण आज गाण्यांबद्दल बोलायचंय. आणि आजचा भाग म्हणजे थोडी माझी कबुली आहे.

झालं असं, मागच्या महिन्यात फोनची मेमरी भरली म्हणून मी व्हॉट्सअ‍ॅप साफ करायला बसलो. तुम्हाला माहितीये ते काम. दहा मिनिटांचं म्हणून बसतो आणि दीड तास जातो. तर त्यात माझ्या भाचीचं चॅट उघडलं. सतरा वर्षांची आहे, पुण्यात बारावीला. तिची एक सवय होती. आठवड्यातून दोन-तीनदा मला गाण्याची लिंक पाठवायची आणि खाली एकच शब्द, ‘ऐक.’

स्क्रोल करता करता लक्षात आलं, शेवटची लिंक सात महिन्यांपूर्वीची आहे. त्याच्याखाली माझं उत्तर होतं: ‘हे गाणं आहे की भांडण? आमच्या वेळी गाण्याला चाल असायची.’ आणि पुढे तीन हसणारे इमोजी. तिचे नाहीत, माझेच. स्वतःच्याच विनोदावर.

तिनं काही उत्तर दिलं नव्हतं. त्यानंतर सात महिन्यांत ‘हॅपी बर्थडे मामा’ आणि ‘आई विचारतेय, दिवाळीला कधी येणार’. बास. लिंक एकही नाही.

मी ते वाक्य परत वाचलं. ‘आमच्या वेळी गाण्याला चाल असायची.’ आणि मंडळी, खरं सांगतो, ते वाक्य मला माझ्या आवाजात ऐकूच आलं नाही. ते आलं माझ्या बाबांच्या आवाजात.

जरा मागे जाऊ. सांगली, १९९७. मी आठवीत. आमच्याकडे केबल नव्हती, शेजारी होती. शाळा सुटली की दप्तर टाकायचं आणि शेजारच्या काकूंच्या सोफ्यावर जाऊन बसायचं. तेव्हा जी गाणी लागायची ती सिनेमाची नव्हती, ही गंमत आज लक्षात घ्या. हिरो नाही, हिरॉईन नाही. गायक स्वतःच पडद्यावर. अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’ १९९५चं. त्याच वर्षी दलेर मेहंदींचं ‘बोलो तारा रारा’. १९९६ला हरिहरन आणि लेस्ली लुईस यांचं ‘कलोनियल कझिन्स’. १९९७ला साठी ओलांडलेल्या आशाताई ‘जानम समझा करो’ घेऊन आल्या आणि आम्हा पोरांना वाटलं, या तर आमच्याच वयाच्या आहेत. पुढे युफोरिया, सिल्क रूट, फाल्गुनी पाठक. इंडीपॉप म्हणायचे त्याला.

आणि १९९६चा लकी अलींचा ‘सुनोह’. त्यातलं ‘ओ सनम’. व्हिडिओत इजिप्त, पिरॅमिड, वाळवंट. आता मी सांगलीचा मुलगा, कृष्णेच्या काठचा. वाळवंटाशी माझा काय संबंध? पण ते गाणं लागलं की पोटात काहीतरी व्हायचं. मी दोन महिने पैसे साठवून कॅसेट आणली. घरी टेपरेकॉर्डर होता, तो पुढच्या खोलीत, बाबांच्या सुधीर फडक्यांच्या कॅसेटींच्या शेजारी. लावली कॅसेट. बाबा ऑफिसातून आले, चप्पल काढता काढता दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, ‘हा माणूस गातोय की झोपेत बोलतोय? आमच्या वेळी गाण्याला चाल असायची रे.’

बंद कर म्हणाले नाहीत. रागावले नाहीत. एकच वाक्य बोलले आणि चहा घ्यायला आत गेले. पण त्या दिवसापासून मी टेपरेकॉर्डर आतल्या खोलीत नेला आणि दार लावून ऐकायला लागलो. मी आणि बाबांनी एकत्र बसून एखादं गाणं ऐकलंय, असं त्यानंतर कित्येक वर्षं झालं नाही.

म्हणजे बघा, मी भाचीला जे लिहिलं ते वाक्य मला वारशात मिळालं होतं. शब्दही तेच.

मग मी ठरवलं की जरा तपासून बघू. आमच्या वेळची गाणी खरंच इतकी भारी होती का? की आम्ही तेव्हा चौदा वर्षांचे होतो म्हणून ती भारी वाटली?

शनिवारी सांगलीला गेलो. माळ्यावरून कॅसेटींचं खोकं काढलं. टेपरेकॉर्डरचा बेल्ट सैल झाला होता, तो ओळखीच्या रिपेअरवाल्याकडून बदलून आणला. दोन कॅसेटींची टेप बाहेर आली होती, ती पेन्सिल घालून गुंडाळली. तुमच्यापैकी कितीजणांना पेन्सिल आणि कॅसेट यांचं नातं माहितीये, मला माहीत नाही. घरी विचारा.

आणि मग एक नियम केला. पुढे ढकलायचं नाही. चार आल्बम, ए साइड, बी साइड, सगळं ऐकायचं. तीसेक गाणी होती. निकाल सांगू? सात गाणी मला आठवत होती आणि ती आजही छान वाटली. उरलेली तेवीस? मंडळी, तेवीस गाणी मी जन्मात कधी ऐकली आहेत असंच वाटलं नाही. पत्र्याच्या डब्यासारखा वाजणारा कीबोर्ड, यमक जुळवायचं म्हणून जुळवलेलं, आणि एकच ठेका. मी पैसे साठवून आणलेल्या कॅसेटींवर हे होतं! आणि माझ्या डोक्यातल्या ‘आमच्या वेळी’ मध्ये मात्र फक्त ती सात गाणी शिल्लक होती.

ही पहिली गोष्ट. काळ आपल्यासाठी चाळण लावतो. जुनी गाणी आपल्याकडे चाळून येतात आणि नवी गाणी पोत्यासकट. मग आपण चाळलेल्या गव्हाची तुलना पोत्याशी करतो आणि म्हणतो, हल्ली फार खडे असतात.

हे फक्त आपल्याकडंच नाही बरं का. १९६९ हे पाश्चात्त्य संगीताचं सोन्याचं वर्ष मानतात. बीटल्सचा ‘अ‍ॅबी रोड’ त्याच वर्षीचा. मग त्या वर्षाच्या बिलबोर्डच्या वार्षिक यादीत अमेरिकेत पहिल्या नंबरवर कुठलं गाणं होतं? ‘शुगर, शुगर’. गाणारा बँड कोण? ‘द आर्चीज’. म्हणजे कार्टून! टीव्हीवरच्या कार्टूनमधली पोरं. खरा बँड अस्तित्वातच नाही, स्टुडिओतल्या गायकांनी गायलेलं. आज आपण कॉम्प्युटरनं बनवलेल्या गायकांवर नाकं मुरडतो ना, तर सोन्याच्या वर्षातही पहिला नंबर खोट्या बँडचाच होता.

दुसरी तक्रार ऑटोट्यूनची. ‘हल्ली कोणाला गाता येत नाही, मशीन सूर लावतं.’ मीही म्हणायचो. आता ऑटोट्यूनचा तो रोबोसारखा आवाज जगभर कुणी नेला? शेरच्या ‘बिलीव्ह’ या गाण्यानं. साल? १९९८. ज्या दशकाची मी आरती ओवाळत होतो त्याच दशकातलं. आणि मी त्या गाण्यावर गॅदरिंगला नाचलो होतो.

तिसरी तक्रार, गाणी छोटी झाली. रील्ससाठी बनवतात. हे खरं आहे, पण अर्धंच. गाण्याची लांबी नेहमी ज्याच्यावर ते वाजतं ती वस्तू ठरवते. शंभर वर्षांपूर्वी तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावायची. तासभर ख्याल गाणाऱ्या मोठमोठ्या गवयांनीही तो राग तीन मिनिटांत बसवला. नाट्यपदं तशीच बसली. बालगंधर्वांच्या जुन्या रेकॉर्ड ऐकताना आपण म्हणतो का, की काय हा शॉर्ट व्हिडिओ? नंतर कॅसेट आली, तासाभराची, मग आल्बममध्ये आठ-आठ गाणी भरली गेली. माझी ती तेवीस गाणी तशीच जन्माला आली असणार, जागा भरायला! आज स्पॉटिफायसारख्या अ‍ॅपवर गाणं किमान तीस सेकंद वाजलं तरच ‘ऐकलं’ असं मोजतात. मग गाणं लिहिणारा काय करेल? ध्रुपद आधी आणेल. लांबलचक सुरावट कापेल. हा त्याच्या प्रतिभेचा दोष नाही, ही तबकडीच बदलली आहे.

पण थांबा. आता मी पटकन दुसऱ्या टोकाला जाऊन ‘सगळं सारखंच असतं’ म्हणणार नाही. कारण तेही खरं नाही. स्पेनमधल्या संशोधकांनी २०१२मध्ये एक अभ्यास छापला होता. १९५५ ते २०१० मधली साडेचार लाखांहून जास्त पाश्चात्त्य गाणी कॉम्प्युटरनं तपासली. त्यात दिसलं की सुरांच्या एकापाठोपाठ येणाऱ्या जोड्यांमधलं वैविध्य कमी होत गेलंय, आवाजांचा पोत एकसारखा होत गेलाय आणि रेकॉर्डिंग जास्त जास्त मोठ्यानं व्हायला लागलंय. आता हा अभ्यास मराठी-हिंदी गाण्यांचा नाही, हे लक्षात ठेवा. पण ‘सगळं एकसारखं वाटतं’ ही तक्रार म्हणजे केवळ म्हाताऱ्यांची कुरकुर, असंही म्हणता येणार नाही.

आणि काही गोष्टी आपण खरंच घालवल्या. कॅसेटच्या आत एक घडी घातलेला कागद असायचा. त्यावर गीतकार कोण, गिटार कोणी वाजवली, तबला कोणाचा, सगळं बारीक अक्षरात. मी ते पाठ करायचो. आज गाणं आवडलं तर ते लिहिलं कोणी हे बघायला तीन ठिकाणी दाबावं लागतं, आणि आपण दाबत नाही. मी पण नाही. दुसरं म्हणजे एकत्र ऐकणं. तेव्हा एक गाणं गाजलं की रिक्षात तेच, गणपतीत तेच, रसवंतीगृहात तेच. आवडो न आवडो, सगळ्यांना माहीत असायचं. आज माझ्या भाचीच्या फोनवर जे वाजतंय ते मला रस्त्यात चुकूनसुद्धा ऐकू येणार नाही. तिनं पाठवलं तरच.

हे वाक्य लक्षात ठेवा, कारण आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

तर शनिवारी संध्याकाळी मी हे सगळं ऐकत बसलो होतो आणि बाबा येऊन शेजारी बसले. आता पंचाहत्तरीला आलेत. मी त्यांना सहज विचारलं, की बाबा, तुमच्या वेळची गाणी आजोबांना आवडायची का हो?

ते हसले. म्हणाले, ‘तुझ्या आजोबांसाठी गाणं म्हणजे नाट्यपद. नाहीतर भजन. बिनाका गीतमाला लागली की ते रेडिओ बंद करायचे. मी बुधवारी रात्री आठला मित्राकडे अभ्यासाला जायचो. अभ्यास कसला!’

आणि मंडळी, हे फक्त आमच्या आजोबांचं नव्हतं. हे सरकारी धोरण होतं! बाळकृष्ण केसकर, मराठीच माणूस, १९५२ला माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. त्यांचं मत असं की सिनेमाची गाणी हलकी, उथळ, पाश्चात्त्यांची नक्कल. आकाशवाणीवरून ती जवळपास हद्दपार झाली. मग लोकांनी काय केलं? रेडिओ सिलोन लावला. अमीन सयानींची गीतमाला त्याच १९५२ साली सुरू झाली आणि अख्खा देश श्रीलंकेतून हिंदी गाणी ऐकायला लागला. शेवटी १९५७मध्ये आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली. आता विचार करा, ही कुठली गाणी होती? लताबाई, रफी, गीता दत्त, शंकर-जयकिशन, एस. डी. बर्मन. ज्याला आज आपण डोळे मिटून ‘सुवर्णकाळ’ म्हणतो, तो सुवर्णकाळ तेव्हा सरकारी रेडिओला ऐकवण्याच्या लायकीचा वाटत नव्हता.

म्हणजे आजोबांनी बाबांचं बंद केलं, बाबांनी माझ्याबद्दल वाक्य टाकलं, मी भाचीबद्दल टाकलं. तीन पिढ्या, वाक्य एकच.

मी बाबांना म्हटलं, थांबा, आणि ‘ओ सनम’ लावलं. अठ्ठावीस वर्षांनी, त्याच टेपरेकॉर्डरवर. ते पूर्ण ऐकत बसले. संपल्यावर म्हणाले, ‘मला अजूनही काही हे आवडत नाही. पण आवाज ओळखला. तुझ्या खोलीतून यायचा. दाराबाहेरून ऐकू यायचं ना सगळं.’

मी काही बोललो नाही. मला चौदाव्या वर्षापासून वाटत होतं की बाबांनी ते गाणं दोन मिनिटं ऐकलं आणि सोडून दिलं. त्यांनी ते वर्षभर ऐकलं होतं. बाहेरून.

आता तुमच्याकडे वळतो. तुमच्यापैकी बरेचजण कमेंटमध्ये लिहिता, ‘दादा, मी २००५चा आहे, पण मला नव्वदची गाणीच आवडतात, मी चुकीच्या काळात जन्मलो.’ नाही रे बाबांनो. मानसशास्त्रात एक गोष्ट सांगतात: साधारण दहा ते तीस वर्षं या वयातल्या आठवणी माणसाच्या मनात सगळ्यात घट्ट बसतात. त्यामुळे त्या वयातली गाणी जन्मभर आपली वाटतात. पण अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात कॅरल क्रमहान्सल यांनी २०१३मध्ये आणखी एक मजा दाखवली. विशीतल्या मुलांना जुन्या गाण्यांबद्दल विचारलं, तर आईबाबांच्या तरुणपणीच्या गाण्यांशीही त्यांचं घट्ट नातं दिसलं. का? कारण ती गाणी घरात वाजत होती. गाडीत, स्वयंपाकघरात, रविवारी सकाळी. तुम्ही चुकीच्या काळात जन्मलेला नाहीत. तुम्ही अशा घरात वाढलात जिथे कोणीतरी दार उघडं ठेवून गाणी ऐकत होतं. ‘गारवा’ आठवतो? मिलिंद इंगळे आणि सौमित्र. पहिला पाऊस पडला की आजही तुमच्या आईच्या स्टेटसला तोच असतो. आणि मग तुमच्याही.

हे कळल्यावर कंपन्यांनी त्याचा धंदा केला नसता तर नवलच. दर महिन्याला एक जुनं गाणं नव्या कपड्यांत येतं. नाझिया हसनचं ‘आप जैसा कोई’, १९८०चं, ‘कुर्बानी’तलं. ते रेकॉर्ड केलं तेव्हा ती पंधरा वर्षांची होती! संगीत बिद्दूंचं, ज्यांनी पुढे ‘मेड इन इंडिया’ केलं. तेच गाणं २०२२च्या सिनेमात पुन्हा आलं. पण कधीकधी जुनं गाणं न बदलताही परत येतं. केट बुशचं ‘रनिंग अप दॅट हिल’ १९८५चं. २०२२मध्ये एका वेब सिरीजमुळे ते ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरवर गेलं, सदतीस वर्षांनी. आपल्याकडे २०२०च्या शेवटी लकी अलींचा गोव्यातला एक साधा व्हिडिओ फिरला. पांढरी दाढी, हातात गिटार आणि ‘ओ सनम’. इजिप्त नाही, पिरॅमिड नाही. लोक रडले. मी पण.

आणि आजचं? आज जे होतंय ते माझ्या वेळी शक्यच नव्हतं. माझ्या वेळी सांगलीच्या मुलाला गाणं काढायचं असेल तर मुंबईला जाऊन कंपनीच्या दारात बसावं लागायचं. २०१५ला डिवाइन आणि नेझी यांनी मुंबईच्या गल्लीतलं ‘मेरे गली में’ आणलं, आणि २०१९ला त्यावरून सिनेमात गल्ली पोचली. २०२४मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ देशभर वाजलं, मराठी न येणाऱ्यांनी त्यावर रील केले. त्याच वर्षी क्रेटेक्स आणि श्रेयस यांच्या ‘तांबडी चामडी’वर लोक क्लबमध्ये नाचले, मराठीवर! आमच्या वेळच्या केबलवर मी मराठीची वाट बघत बसायचो. आणि आता ती आली, तर मी म्हणतोय हे गाणं नाही, भांडण आहे.

रविवारी रात्री परतताना एसटीतून मी भाचीला मेसेज केला. ‘सॉरी. ते चालीचं वाक्य माझं नव्हतं, आजोबांचं होतं. एक गाणं पाठव.’

दोन तास ब्लू टिक. उत्तर नाही. कराड गेलं, सातारा गेलं. मग आलं: ‘पूर्ण ऐकणार? की तीस सेकंदांत बंद?’

मी म्हटलं, पूर्ण.

लिंक आली. तीच. सात महिन्यांपूर्वीची, जिच्यावर मी विनोद केला होता. मी लावलं. सुरुवातीला तेच, एक मुलगा जोरजोरात बोलतोय, मागे ठेका. वीस सेकंद. तीस सेकंद. मागच्या वेळी मी इथेच कुठेतरी थांबलो असणार. पन्नासाव्या सेकंदाला ठेका थांबला आणि एक मुलगी गायला लागली. चार ओळी. स्पष्ट, सुरात. चाल होती. चांगली चाल होती.

ती माझी भाची होती.

तिच्या वर्गातल्या मुलानं घरी बनवलेलं गाणं, त्यातलं ध्रुपद तिनं गायलेलं. तिनं मला ते ‘ऐक’ म्हणून पाठवलं होतं आणि सांगितलं नव्हतं. तिला बघायचं असेल, मामाला कळतंय का. माझ्या बाबांनी बंद दारातून आवाज ओळखला होता, आणि माझ्या कानात हेडफोन असूनही मी तिच्यापर्यंत पोचलोच नव्हतो.

मी काय उत्तर दिलं ते सांगत नाही, ते आमच्या दोघांत राहू दे. पण परवा तिची नवी लिंक आली. मला ते गाणं अजिबात आवडलं नाही. पूर्ण ऐकलं, आणि तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, ‘चालेल. का नाही आवडलं ते सांग.’ मग अर्धा तास आम्ही फोनवर भांडलो. इतकी मजा आली म्हणून सांगू!

तर मंडळी, या आठवड्यात एक काम. घरातल्या दुसऱ्या पिढीच्या कोणाला तरी विचारा, की तुझं एक गाणं दे. आई असेल, आजोबा असतील, धाकटा भाऊ असेल. आणि ते पूर्ण ऐका. आवडलंच पाहिजे असं नाही. फक्त पन्नासाव्या सेकंदापर्यंत थांबा. काय सांगावं, तिथे कोण गात असेल.

कोणतं गाणं मिळालं ते मला नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या, आणि आवाज जरा कमी ठेवा. कान आयुष्यभर लागणार आहेत.